हरायची पाळी

आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, लढाई होते. इथून तासाभराच्या वाटेवर गोदावरीच्या काठी अडीचशे वर्षांमागं पेशव्यांची आणि निजामाची खरीखुरी लढाई झाली, तिची ही नक्कल. ज्वारी काढून मोकळं झालेलं रान, काळी भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर फक्कीनं आखलेली नदी. कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच पांढरी फक्की. उसतोडीला गेलेली पोरं तोवर कारखान्यांवरून परतलेली असतात, म्हणून फौजेला माणूस कमी पडत नाही.

माइकवर मी असतो. मी काही शिक्षक नाही की कीर्तनकार नाही. मोंढ्याच्या बाजारात फळांची हर्राशी, म्हणजे लिलाव पुकारतो. मोसंबीचा ढीग असो की टरबुजाची गाडी, मी भाव पुकारायला लागलो की पार बसस्टँडवर ऐकू जातं. त्या आवाजामुळं माइक माझ्याकडं आला आणि माइकमुळं लढाईची मांडणीही माझ्याकडं आली. दुसऱ्याच्या मालाबद्दल तोंडभरून बोलायचं आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही सवय धंद्यानं लावली का आधीचीच होती, सांगता येत नाही. बायको म्हणते, "माइक दिल्याशिवाय तुमच्या तोंडातून खरं निघत न्हाई." तिचं म्हणणं निम्मं खरं आहे. माइकवरही निघत नव्हतं.

लढाई कशी होते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

रानाच्या खालच्या अंगाला नदी. निजामाची निम्मी फौज नदी ओलांडून पल्याड गेलेली, निम्मी दिवाणाबरोबर अल्याड अडकलेली. नदीला पूर आलेला, त्यामुळं तिकडचे इकडं येऊ शकत नाहीत आणि इकडच्यांना मागं सरता येत नाही. वरच्या अंगानं, बाभळींच्या बाजूनं पेशव्यांची फौज उतरते. पुतण्या पेशवा, त्याचा काका बरोबर. काका हत्तीवर बसून फार पुढं जातो आणि वेढला जातो. इथं लोक उठून उभे राहतात. मग पुतण्या बांधाच्या कडेनं वळसा घालून बगलेवर येतो, वरातीचे दोन घोडे पुढं आणि बाकीचे पायी. हत्ती सुटतो. दिवाण पडतो. उरलेले नदीकडं पळतात आणि फक्कीपाशी येऊन थांबतात, कारण फक्की कुणीच ओलांडायची नाही हा नियम. ज्यांचे गुडघे गेलेत अशा म्हाताऱ्यांना पल्याड उभं केलं जातं. त्यांचं काम एकच, समोर आपली माणसं मरताना नुसतं बघायचं. माझी माइकची ट्रॉलीही पल्याडच असते.

आता त्या लढाईत कोण कुणाचा होता, हे विचाराल तर घोळ आहे. आदल्याच साली ह्या काकानं ह्याच पुतण्यावर फौज घातली होती, तीही निजामाची मदत घेऊन. नागपूरकर आधी तिकडं होते, ऐन वेळी इकडं आले. निजामाच्या छावणीत मराठे सरदार होते. जो दिवाण पडला तो ब्राह्मण. म्हणजे आज आपण कुठल्या बाजूला, हे त्या काळच्या शिपायालाही सकाळी उठून शेजारच्याला विचारून घ्यावं लागत असणार. घरातलंच भांडण होतं ते, नदीकाठी येऊन सांडलेलं. हे मला वाचून ठाऊक होतं. सुरुवातीची वर्षं मी माइकवर सांगायचोही.

आणि तेव्हा गावाची पद्धतही त्याला धरून होती. गावात दोन गल्ल्या, वरची आणि खालची. एका साली वरची गल्ली निजाम, पुढल्या साली खालची. आळीपाळीनं हरायचं. हिरवा फेटा ज्या गल्लीच्या वाट्याला येई तिची वर्षभर टिंगल व्हायची. दळण घेऊन जाणाऱ्या बाईलाही विचारायचे, "वहिनी, नदी उतरली का?" पण पुढल्या साली तीच गल्ली भगवा बांधायची आणि उसनं फेडायची. लढाई झाली की दोन्ही फौजा एका पंगतीला. मेलेले आधी बसायचे, ते दमलेले असायचे म्हणून.

मोंढ्यासमोरची बाजारगल्ली खालच्या गल्लीत धरली जायची. तिथं मुसलमान घरं जास्त. फळवाले, वेल्डिंगवाले, गॅरेजवाले. त्यातल्या एका गॅरेजात माझा मित्र. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो, जरी शाळेत आम्ही एका बाकावर होतो. लढाईचा हत्ती त्याचा. जुन्या ट्रॅक्टरवर बांबूचा सांगाडा, त्यावर गोधड्या, सुपांचे कान, रेडिएटरच्या जाड होसची सोंड आणि सुतळीचं शेपूट. ट्रॅक्टर चालवणारा गोधड्यांच्या आत बसतो, बाहेरून दिसत नाही. एका साली त्यानं सोंडेतून पाणी उडवलं होतं तेव्हा काका भिजले आणि हत्तीवरूनच शिव्या द्यायला लागले.

हत्तीपेक्षाही मिस्त्री गाजला तो मरण्यासाठी. खालची गल्ली निजाम असली की दिवाण तोच. असा मरायचा की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आधी गुडघा टेकायचा, मग हात जमिनीला, मग मान वळवून पल्याड बघायचा, जणू तिकडून कुणी येईल. मग आडवा. पुढल्या साली हाच माणूस भगव्या फेट्यात बगलेवरून धावत यायचा आणि वरच्या गल्लीच्या दिवाणाला म्हणायचा, "नीट मर बे, मागच्या साली मी मेलतो ते आठव."

टाळेबंदीत एक जत्रा बुडाली. दुसऱ्या साली बंदीच होती, पण पोरांना राहवेना, गुपचूप थोड्या माणसांत लढाई केली. त्या साली निजाम वरची गल्ली होती. हत्ती वेढला गेला आणि नेमकी पोलिसांची जीप आली. सगळे बाभळींत पळाले. काका हत्तीवरच राहिले, त्यांना उतरता येईना.

पुढल्या साली बंदी उठली आणि भांडण सुरू झालं. वरची गल्ली म्हणे, "आमची पाळी झाली. आता खालच्यांनी हिरवा बांधायचा."

खालची गल्ली म्हणे, "पाळी कशाची? तुमी हरला कुठं? जीप आली तवा तुमीच जिकायला लागलता. हरणं बाकी हाय तुमच्यावर."

बाहेरच्या माणसाला हसू येईल. आम्हाला आलं नाही. चावडीवर बैठका झाल्या. एक म्हणे अर्धी लढाई मोजायची, दुसरा म्हणे पळालो म्हणजे हरलोच, तिसरा म्हणे पळाले तर दोघंही. एका बैठकीत खुर्ची उचलली गेली. जत्रा तोंडावर आली. मी मांडणी करणारा म्हणून प्रत्येक बैठकीला होतो आणि मला त्या सगळ्याचा वीट आला होता. त्या दिवशी मोंढ्यातून थेट आलतो, पोटात काही नव्हतं. दोन्ही गल्ल्या माझ्याकडं बघायला लागल्या, तुम्हीच सांगा म्हणून.

मी म्हणालो, "बाजारगल्लीला कायमचं तिकडं घाला ना. दोन्ही गल्ल्या इकडं. मिटलं."

कुणीतरी म्हणालं, "हौ की. शोभंल बी." आणि सगळे मोकळे झाले. खुर्ची उचलणाऱ्यानंच मला चहा आणून दिला. बाजारगल्लीचं त्या बैठकीत कुणी नव्हतं. गॅरेजं उघडी होती, त्यांचं गिऱ्हाइकीचं टायमिंग.

हे माझं वाक्य. मी ते तोलून बोललो नव्हतो, द्वेषानं तर नाहीच. हर्राशीत माल अडकला की मी असंच काहीतरी बोलून ढीग मोकळा करतो. पण "शोभंल बी" हे ऐकलं तेव्हा मला कळलं होतं की आपण काय केलं. कळलं होतं आणि मी चहा प्यायलो.

मिस्त्रीला जत्रा कमिटीचा निरोप गेला. तो माझ्याकडं आला. "कावून बे? आमी खालच्या गल्लीतले न्हाई का?"

मी म्हणालो, "कमिटीचं ठरलंय. बघतो मी."

त्या साली तो मेला, नेहमीसारखा. पण मरताना लोक ओरडले ते वेगळं ओरडले. आधी "मिस्त्री, वाह!" असं यायचं. आता जे येत होतं ते इथं लिहीत नाही. माइक माझ्याजवळ होता, दिवाण कोण होता हे मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. उलट लोकांचा जोर बघून आवाज चढवला. पंगतीला बाजारगल्लीतले निम्मेच थांबले. पुढल्या साली त्याहून कमी. काका, पुतण्या, आदल्या सालची फितुरी, हे सगळं माझ्या बोलण्यातून गळत गेलं आणि कुणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. दोन्ही गल्ल्या दरसाल जिंकत होत्या. भांडण मिटलं होतं.

दर जत्रेआधी मिस्त्री विचारायचा, मी बघतो म्हणायचो. त्याच्याच गॅरेजात, त्याचाच चहा पीत.

यंदा त्यानं वेगळंच मागितलं. हत्तीचे कान शिवत बसला होता. म्हणाला, "ऐक. मला फेटा नको, काही नको. यंदा हत्ती मी चालवतो. नुसता चालवतो. आत गोधडीखाली. कुनाला दिसत न्हाई, मी बोलत न्हाई. माझाच हत्ती हाय, त्याला मीच दरसाल वेढा घालायलो. एकदा इकडून बघतो म्हणलं कसं दिसतंय ते."

मी म्हणालो, "एवढंच ना? हे होईल."

मला खरंच वाटलं होतं होईल म्हणून. कमिटीचा अध्यक्ष तरुण आहे, मोबाईलचं दुकान चालवतो, मला काका म्हणतो. दुकानात गेलो. आधी सगळं समजावून सांगितलं, दिवाण कोण होता, सरदार कोण होते, आळीपाळी कशी होती. तो गिऱ्हाइकाच्या मोबाईलला काच चिकटवत ऐकत होता.

"काका, तुमचं सगळं बरोबर हाय."

"मग?"

"बरोबर हायच. पन लोकांना जे समजतंय ते राहू द्या ना. अन् दिवाणाचं ते बोलूच नका माइकवर. उगं आपल्यातच वांधे."

"बरं, ते सोड. हत्ती तरी त्याला चालवू दे."

"हत्ती इकडच्या फौजेचा हाय."

"हत्ती त्याचा हाय. अन् तो आत बसणार, गोधडीखाली. दिसणार कुणाला?"

त्यानं काचेवरचा फुगा अंगठ्यानं दाबत कडेला नेला. "दिसणार न्हाई, पन म्हाईत तर राहतंय ना, काका. पोरं ऐकत न्हाईत. माझी काही हरकत न्हाई."

मग मी पोरांकडं गेलो. पोरं म्हणाली आमची काही हरकत नाही, अध्यक्षांना विचारा. वरच्या गल्लीतले जाणते म्हणाले मिस्त्री लाख माणूस हाय, खालच्या गल्लीचं बघा. खालच्या गल्लीतले म्हणाले तो तर आमचाच, पण वरचे काय म्हणतात? उन्हात चार दिवस हिंडलो. एक माणूस नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. सगळे माझ्याशी गोडच बोलत होते आणि प्रत्येकाच्या तोंडात मला माझंच "बघतो मी" ऐकू येत होतं.

जत्रेच्या पहिल्या दिवशी दुपारी गॅरेजात गेलो. हत्ती तयार होता. मिस्त्री खाली बसून मागच्या चाकाचे नट आवळत होता.

"न्हाई जमलं," मी म्हणालो.

"गोधडीखाली बी?"

"गोधडीखाली बी."

त्यानं पाना खाली ठेवला. "त्या कमिटीत असा कोन हाय बे, ज्याला आमी एवढे खुपतो? तेवढं नाव तरी सांग. शिव्या देत न्हाई मी. नुसतं म्हाईत असावं म्हणून."

मी म्हणालो, "मी."

"काय मी?"

"बाजारगल्लीला कायमचं तिकडं घाला, हे मी म्हणलं होतं. कमिटीनं नुसतं हौ म्हणलं. भांडण मिटत नव्हतं, मला घरी जायचं होतं. भूक लागलती."

इतकी वर्षं मनात हे वाक्य किती लांबलचक होतं. बोललो तर एवढंसंच निघालं, तेही भुकेवर येऊन थांबलं.

"भूक लागलती," तो म्हणाला. मग हाताचं ग्रीस पुसत, "भुकेचं समजलं. त्या दिवसाचं मी धरीत बी न्हाई, मानूस बोलून जातो. पन नंतर? इथं ह्या टायरवर बसून चहा प्यायचा, अन् मलाच म्हणायचं कमिटीचं ठरलंय. माझी बायको म्हणायची, त्या भौला सांगा, ते करतील काही तरी. मी म्हणायचो, तो तर लई झटायलाय आपल्यासाठी."

त्या टायरवर मी आज बसलो नव्हतो.

त्यानं पाना उचलला, राहिलेला नट आवळला. "हत्ती घेऊन जावा. ड्रायव्हर तुमचा पाठवा. ब्रेक डावीकडं ओढतो, सांगा त्याला. बाजारगल्लीतून कोनी येनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी खरंच कुणी आलं नाही. हिरव्या फेट्यांचं गाठोडं ट्रॉलीवर तसंच. समोर अख्खं गाव, पाहुणेरावळे, नारायणगडाचं दर्शन करून परतताना थांबलेल्या दोन जीपगाड्या, डोक्यावर अध्यक्षांचा ड्रोन घोंघावतोय. बाभळींखाली दोन्ही गल्ल्या भगवे फेटे बांधून तयार. आणि खाली नदीपाशी, जिथं वेढा पडायचा, तिथं कुणीच नाही.

अध्यक्ष धावत आला. "काका, लोकांना धरून ठेवा. आमी करतो काही तरी."

त्यांनी जे केलं ते मला ट्रॉलीवरून दिसत होतं. दोन्ही गल्ल्यांचे लोक बाभळींखालून मैदानाच्या मधोमध आले आणि तिथं उभे राहून भांडायला लागले. हिरवा कुणी बांधायचा? वरचे म्हणाले आमची पाळी टाळेबंदीत झाली. खालचे म्हणाले झाली कुठं, जीप आली तवा तुमीच जिकत होता. शब्दाला शब्द तोच. तेवढ्यात कुणीतरी हत्ती पुढं काढायला सांगितला, निदान लोकांना काहीतरी दिसावं म्हणून. ड्रायव्हरला मी ब्रेकचं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "काका, मी काय आज चालवायलोय का?" हत्ती डावीकडं ओढत ओढत गेला आणि नालीत एक चाक घालून तिरका उभा राहिला. वरचे काका गोधडीला धरून बसले.

तेव्हा मी माइकवर बोललो. सगळं. दिवाण कोण होता, काकानं आदल्या साली काय केलं होतं, आपली आळीपाळी काय होती. आणि म्हणालो, "बाजारगल्ली आज आली न्हाई. त्यांना कायमचं तिकडं घालायचं हे माझं डोकं. कमिटीचं न्हाई, माझं. आणि ते चूक होतं."

लोकांनी ऐकलं. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. माझा आवाज गावाला भाव ऐकायला ठाऊक आहे. तो काय सांगतोय ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, कुठं थांबतो एवढंच बघतात. मी थांबलो तसा बांधावरून एक जण ओरडला, "काका, हत्ती कव्हा निघायचा?" लोक हसले. माझ्याजवळ पल्याडच्या म्हाताऱ्यांपैकी एक जण उभा होता, डोळ्यांवर हात धरून. म्हणाला, "दिवाणाचं मला म्हाईत नव्हतं. बरं सांगितलंस. पन आता ऊन लई झालंय बाबा, हलगी वाजू दे."

हलगी वाजली ती कुस्त्यांची. लोक उठून आखाड्याकडं गेले. दोन्ही गल्ल्या भांडतभांडतच मागून गेल्या. लढाई झाली नाही. हत्तीवरच्या काकांना दोघा जणांनी उतरवून घेतलं.

मी ट्रॉलीवरच बसून होतो. उन्हं कलली तसा बांधावरून मिस्त्री येताना दिसला. एकटाच, हातात पाना. माझ्याकडं न बघता हत्तीभोवती फिरला, नालीतलं चाक बघितलं, दोन दगड शोधून चाकाखाली घातले.

मी जवळ गेलो. "मी माइकवर सांगितलं."

"ऐकू आलं. आख्ख्या मोंढ्यात ऐकू आलं." तो दगड ठोकत होता. "जिकलं कोन?"

"कुणीच न्हाई."

"मंग पुढल्या साली हेच भांडण." तो गोधडी उचलून आत शिरला. आतून आवाज आला, "सोंडेखालून हट बे."

ट्रॅक्टर दोनदा गुरगुरला आणि हत्ती नालीतून वर आला. त्यानं तो बाभळींच्या वाटेला लावला नाही, सरळ खाली काढला, नदीच्या बाजूनं. तिकडून गॅरेजचा रस्ता जवळ पडतो. रान रिकामं होतं. आखाड्यातून ओरडा ऐकू येत होता. हत्तीचे कान हलत होते, सोंड डोलत होती, आत कोण बसलंय हे बाहेरून दिसत नव्हतं.

फक्कीपाशी येऊन त्यानं ट्रॅक्टर थांबवला. मला वाटलं, काही बोलणार. गोधडीतून हात बाहेर आला आणि मागं दाखवला.

"शेपूट धर. चाकात जाईल."

मी सुतळीचं शेपूट उचलून हातात धरलं. हत्ती फक्कीवरून पलीकडं गेला, आणि शेपूट धरून मी त्याच्यामागं, गॅरेजपर्यंत.